खुर्चीवर बसून वाजवणाऱ्या गिटारवादकाचा पहिला स्वतंत्र अल्बम

प्रकरण अभ्यासात सहसा नावं झाकतात. इथे ती झाकून काही साधत नाही. सगळं पन्नास वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे, माणसं स्वतःच मुलाखतींतून बोलून मोकळी झालेली आहेत, आणि नावं झाकली तर वाचणारा मजकूर सोडून ओळखण्याचा खेळ खेळत बसेल. तेव्हा सरळच सांगतो. हे प्रकरण जेनेसिस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक (थोडक्यात ‘प्रोग’, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) बँडचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याचं आहे, आणि त्याच्या 1975 साली आलेल्या ‘व्हॉयेज ऑफ द अकोलाइट’ या पहिल्या एकल अल्बमचं.

मला यात रस वाटतो तो एका गोष्टीमुळे. अल्बम पडला आणि माणूस निराश होऊन बँड सोडून गेला, असं झालं असतं तर त्यात अभ्यासण्यासारखं काही नव्हतं. इथे उलटं झालं. अल्बम चांगला जमला, लोकांनी उचलला, बँडमधल्या दोघांनी त्यात मनापासून वाजवलं, आणि तरी दोन वर्षांत हॅकेट बाहेर होता. माझं मत असं की अल्बमचं यश हेच त्याला कारण झालं. त्या यशाचं पुढे करायचं काय, हे ना त्याला नीट ठरवता आलं ना बँडला.

पार्श्वभूमी

1970 च्या डिसेंबरात ‘मेलडी मेकर’ या लंडनच्या साप्ताहिकात हॅकेटने छोटी जाहिरात दिली होती. साचलेल्या संगीतप्रकारांच्या पलीकडे जायची जिद्द असलेले वादक हवेत, असा तिचा सूर होता. वीस वर्षांच्या पोराच्या मानाने भाषा बरीच चढी, पण ती पीटर गेब्रिएलच्या नजरेस पडली आणि त्याने फोन केला. 1971 च्या जानेवारीत हॅकेट जेनेसिसबरोबर मंचावर होता.

बँडची ठेवण इथे लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं बरंचसं तिच्यातूनच निघतं. गेब्रिएल, कीबोर्डवाला टोनी बँक्स आणि बास वाजवणारा माइक रदरफर्ड हे तिघे चार्टरहाउस या निवासी शाळेतले सोबती. बँड त्यांनी शाळेत असतानाच उभा केलेला. ड्रमवाला फिल कॉलिन्स आणि हॅकेट हे दोघे नंतर जाहिरातींच्या वाटेने आले. कागदावर पाचही जण समान होते. गाण्यांचं श्रेय पाचांच्या नावावर जायचं, चाल कुणाचीही असो. पण तालमीच्या खोलीत कुणाची चाल टिकते, कुणाची बाजूला पडते, हे ठरवण्याचं वजन शाळासोबत्यांकडे जास्त होतं. विशेषतः बँक्सकडे. तो भरपूर लिहायचा आणि लिहिलेलं सहज सोडायचा नाही.

हॅकेट मंचावर खुर्चीवर बसून वाजवायचा. पायाशी गिटारचा आवाज बदलणारी इफेक्ट पेडल, डोळ्यांवर चष्मा, दाढी, मान खाली. शेजारी गेब्रिएल कधी बायकोचा लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं घालून, कधी फुलाच्या पाकळ्या डोक्याभोवती लावून उभा. बघणाऱ्यांचे डोळे कुठे असतील ते सांगायला नको. वादक म्हणून मात्र हॅकेट फार पुढचा होता. उजव्या हाताची बोटं थेट गिटारच्या पट्टीवर आपटून वेगवान स्वर काढण्याचं जे तंत्र 1978 नंतर एडी व्हॅन हेलनमुळे घराघरात गेलं, ते तो 1971 च्या ‘नर्सरी क्राइम’ वर वाजवत होता. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ मधली त्याची लांब सुरांची सोलो आजही प्रोग ऐकणाऱ्यांच्या पहिल्या पाच-दहांत असते. तिची मूळ चाल मात्र बँक्सची. हॅकेटने तिला सूर ताणून धरणारा आवाज दिला. 1972 च्या ‘फॉक्सट्रॉट’ वर ‘होरायझन्स’ हा दीडेक मिनिटाचा अकूस्टिक गिटारचा तुकडा त्याचा अगदी स्वतःचा, आणि तोही बँडच्या सर्वांत लांबलचक रचनेच्या आधी ठेवलेला.

आपल्याकडे साथीदार नावाजला की लोक त्याची एकल मैफल मागतात, आणि ती रंगली की गायकाच्या घरी थोडी कुजबुज सुरू होते. हॅकेटची गत काहीशी तशी होती. फरक इतकाच की इथे गायकच आधी निघून जाणार होता.

अडचण

1974 च्या शरदात ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हा दुहेरी अल्बम आला. शब्द बहुतेक सगळे गेब्रिएलचे, संगीत बाकीच्यांनी बरंचसं त्याच्या गैरहजेरीत रचलेलं. आधीच तणाव होता. त्यात हॅकेटच्या हातात वाइनचा ग्लास फुटला, डाव्या अंगठ्याला चांगलीच इजा झाली आणि दौरा लांबणीवर पडला. दौरा सुरू झाल्यावर काही दिवसांतच, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला, गेब्रिएलने बाकीच्यांना सांगितलं की दौरा संपला की मी जाणार. हे गुपित ठेवून पाच माणसं पुढचे सहा महिने रोज रात्री तीच कथा वाजवत फिरली. मे 1975 मध्ये फ्रान्समधल्या बझाँसों इथे शेवटचा कार्यक्रम झाला. दौऱ्याचा खर्च अफाट होता आणि बँड कर्जात होता.

आता हॅकेटच्या जागी बसून पाहा. वय पंचवीस. गायक गेलेला. बँड टिकेल की नाही, माहीत नाही. टिकला तरी पुढचा अल्बम कधी, कुणाच्या आवाजात, कुणाच्या चालींवर, काहीच ठरलेलं नाही. आणि घरी चार वर्षांत साठलेल्या, बँडने न घेतलेल्या चाली. त्यातली एक, पुढे ‘शॅडो ऑफ द हायरोफंट’ म्हणून आलेली, रदरफर्डबरोबर रचलेली आणि ‘फॉक्सट्रॉट’ च्या काळात तालमीत वाजवूनही झालेली होती.

म्हणजे अडचणी दोन होत्या, आणि त्या वेगवेगळ्या होत्या. एक तातडीची: बँड बुडाला तर मी कोण? दुसरी जुनी: बँड तरला तर माझ्या चालींना जागा कुठे? त्या उन्हाळ्यात दोन्ही एकाच अल्बमने सुटतील असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. पहिली सुटली. दुसरी मात्र नुसती झाकली गेली.

समोरचे पर्याय

थांबायचं, हा सर्वांत सरळ पर्याय. बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स पुन्हा जमणारच होते. त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून तालमीला बसायचं. तोटा उघड होता. बँड मोडला असता तर हाती काहीच राहिलं नसतं.

गेब्रिएलच्या मागोमाग निघून जायचं, हा दुसरा. 1975 मध्ये तो आततायीपणा ठरला असता. हॅकेट गात नव्हता, लोकांना त्याचा चेहरा नीट माहीत नव्हता, आणि ‘जेनेसिसचा गिटारवादक’ एवढीच त्याची पत होती.

तिसरा पर्याय त्या वर्षी शेजारच्याच घरात चालू होता. येस या बँडने सगळ्यांनी मिळून सुट्टी घ्यायची आणि प्रत्येकाने आपापला अल्बम करायचा, असं ठरवलं. गिटारवाला स्टीव्ह हाउ, बासवाला ख्रिस स्क्वायर, ड्रमवाला अ‍ॅलन व्हाइट, कीबोर्डवाला पॅट्रिक मोराझ, गायक जॉन अँडरसन, पाचांचे पाच अल्बम 1975 आणि 76 मध्ये आले. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत कुणाचा अल्बम 8 व्या क्रमांकापर्यंत गेला, कुणाचा 41 व्या. महत्त्वाचं म्हणजे एकल अल्बम काढणं हे त्या बँडमध्ये कुणा एकट्याचं ‘बाहेर डोकावणं’ ठरलं नाही. जेनेसिसमध्ये असा सामुदायिक करार झाला असता का? मला शंका आहे. गेब्रिएलच्या जाण्याने उरलेल्यांना आपण एकत्र आहोत हे दाखवायची निकड होती. पण तो विषय टेबलावर ठेवायला हरकत नव्हती.

चौथा पर्याय हॅकेटने निवडला: मधल्या फटीत पटकन स्वतःचा अल्बम करायचा, बँडमधल्याच मित्रांना वाजवायला बोलवायचं, आणि बँडचं काम सुरू झालं की परत यायचं.

निर्णय आणि कृती

जून आणि जुलै 1975 मध्ये लंडनच्या किंग्जवे रेकॉर्डर्समध्ये अल्बम झाला. सहनिर्माता जॉन एकॉक. रेकॉर्ड कंपनी तीच, टोनी स्ट्रॅटन-स्मिथची करिझ्मा. कॉलिन्स ड्रमवर, रदरफर्ड बास आणि बारा तारांच्या गिटारवर. भाऊ जॉन हॅकेट बासरीवर. चेलो, ओबो आणि इंग्लिश हॉर्न वाजवायला अभिजात संगीतातले वादक. गायला सॅली ओल्डफील्ड. ‘ट्युब्युलर बेल्स’ या गाजलेल्या अल्बमवाल्या माइक ओल्डफील्डची ही बहीण. स्वतः हॅकेटने गिटारींबरोबर मेलोट्रॉन (ध्वनिफितीवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य), हार्मोनियम, घंटा, ऑटोहार्प असं हाताला येईल ते वाजवलं.

रचनांना धागा टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा: एस ऑफ वाँड्स, प्रीस्टेस, टॉवर, हर्मिट, स्टार, लव्हर्स, हायरोफंट. 1975 च्या मानाने ही काही नवलाईची कल्पना नव्हती, प्रोगवाल्यांना पत्ते आणि पुराणं फार आवडायची. पण एक हुशारी होती. धाग्यात गोष्ट नव्हती. ‘लॅम्ब’ मध्ये एक पात्र होतं, त्याचा प्रवास होता, शब्दांचा ढीग होता. इथे प्रत्येक पत्ता एक भाव, आणि भाव वाद्यांनी दाखवायचा. ज्याच्या हाती शब्द नाहीत, गळा नाही, त्या माणसाने आपल्या बळाच्या जागी खेळ मांडला. मुखपृष्ठही तसंच, किम पूर या ब्राझिलियन चित्रकर्तीचं धूसर जलरंगातलं चित्र.

अल्बम कसा वाजतो हे थोडं सांगतो, कारण स्वागताचा उलगडा त्याशिवाय होत नाही. ‘एस ऑफ वाँड्स’ सुरू होतं ते धावतच. मात्रा बदलत जातात, गिटार आणि कॉलिन्सचे ड्रम एकमेकांच्या पायात पाय न घालता पळतात, मध्येच सगळं थांबून बासरी येते, पुन्हा पळापळ. ‘हँड्स ऑफ द प्रीस्टेस’ मध्ये गिटारच्या सुराला आघातच नाही. तार छेडून मग आवाज वाढवत नेल्यामुळे सूर व्हायोलिनसारखा कुठूनतरी उगवतो. ‘द हर्मिट’ मध्ये हॅकेट स्वतः गातो, दबक्या गळ्याने. गायक म्हणून तो इथे अजून धजावलेला नाही, हे लगेच कळतं. ‘स्टार ऑफ सिरियस’ कॉलिन्स गातो.

आणि शेवटची ‘शॅडो ऑफ द हायरोफंट’, बारा मिनिटांच्या आसपासची. अर्ध्या वाटेपर्यंत सॅली ओल्डफील्डचं गाणं आणि त्याला मध्येच छेदणारा मेलोट्रॉन-गिटारचा जाड पडदा. त्यानंतर सगळं ओसरतं आणि एक संथ चाल सुरू होते, जवळजवळ ऐकू न येणारी. ती फिरत राहते. प्रत्येक फेरीला थोडी भर, मेलोट्रॉन, बास, मग उशिरा आणि हात राखून ड्रम. चाल बदलत नाही, फक्त वजन वाढत जातं. ‘फॉक्सट्रॉट’ च्या वेळी जागा न मिळालेला तुकडा तो हाच. ऐकल्यावर पहिला विचार येतो, हा बाजूला ठेवला तरी कसा? दुसरा विचार येतो की त्या अल्बमवर आधीच तेवीस मिनिटांची एक रचना होती, दुसरी बसवणार कुठे. दोन्ही खरं आहे. बँडमधलं राजकारण बहुतेक वेळा असंच असतं. जागा अपुरी असते, खलनायक कुणी नसतो.

या टप्प्यावर एक किंमत मोजली गेली, जिच्याकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नसावं. हॅकेट अल्बमचे शेवटचे हात फिरवत असताना बाकी तिघे लंडनमधल्या अ‍ॅक्टनला तालमीला बसले. ‘डान्स ऑन अ व्होल्केनो’ आणि ‘स्क्वाँक’ या गाण्यांचा पाया तो पोचण्याआधीच घातला गेला. गेब्रिएलनंतरच्या जेनेसिसचा नाद ठरवणारे ते पहिले दिवस, आणि त्या खोलीत चौघांपैकी तिघेच होते.

स्वागत

अल्बम ऑक्टोबर 1975 मध्ये आला. ब्रिटनमध्ये 26 व्या क्रमांकापर्यंत चढला आणि पुढे विक्रीसाठीचं चांदीचं प्रमाणपत्रही मिळालं. अमेरिकेत मात्र जेमतेम 200 च्या आत, 191. फारसं न गाणाऱ्या, दौरा न करणाऱ्या, खाली मान घालून बसणाऱ्या वादकासाठी ब्रिटनचा आकडा उत्तमच. त्याच शरदात आलेला स्टीव्ह हाउचा अल्बम 22 वर आणि ख्रिस स्क्वायरचा 25 वर गेला. येसचं नाव तेव्हा जेनेसिसपेक्षा कितीतरी मोठं होतं, तरी फरक चार पायऱ्यांचा.

पण आकड्यांपेक्षा वेळ महत्त्वाची ठरली. ऑगस्टमध्ये गेब्रिएल गेल्याची बातमी फुटली होती. तालमी चालू होत्या, गायकाचा शोध चालू होता, ‘जेनेसिस संपलं’ असं म्हणणारे भरपूर होते. अशा वेळी बाजारात एक तबकडी आली जिच्यावर उरलेल्या चौघांपैकी तिघे वाजवतायत, आणि एका गाण्यात कॉलिन्स गातोय. कॉलिन्स पुढचा गायक होणार हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं. जेनेसिसचा पुढचा अल्बम ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ फेब्रुवारी 1976 मध्ये आला. म्हणजे मधले चार महिने, गेब्रिएलशिवायचं जेनेसिस कसं असेल याचा हाती असलेला एकमेव नमुना हॅकेटच्या नावावर होता.

ऐकणाऱ्यांनी त्यातून जो अर्थ काढला तो हॅकेटला सुखावणारा आणि बँडला अवघडवणारा होता: अरे, आपण ज्याला जेनेसिसचा नाद म्हणत होतो, त्यातला एवढा भाग या माणसाचा होता तर! श्रेय पाचांच्या नावाने जात असल्याने आजवर ते कळायला वावच नव्हता. आजही जुने चाहते या अल्बमला ‘जेनेसिसचा न निघालेला अल्बम’ म्हणतात. मला ते कौतुक अर्धवट वाटतं. ‘जेनेसिससारखा’ म्हणून उचललेल्या अल्बममधल्या चेलो-ओबोच्या जागा, शब्दांना दुय्यम ठेवणं, दोन मिनिटांचे अभिजात गिटारचे तुकडे, हे जेनेसिससारखं नाहीच. लोकांनी ओळखीचं तेवढं ऐकलं. हॅकेट पुढे जिथे जाणार होता ते ऐकायला त्यांना अजून तीन-चार वर्षं लागली.

हॅकेटने स्वतः काय घेतलं? आत्मविश्वास. निर्माता आपण, रचनाकार आपण, कोणती चाल राहणार ते ठरवणारे आपण, आणि तरी अल्बम चालतो, हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही.

खरा निर्णयबिंदू: 1976

‘अ ट्रिक ऑफ द टेल’ पासून जेनेसिसने गाण्यांचं श्रेय ज्याचं त्याला द्यायला सुरुवात केली. न्याय्य पाऊल. पण त्यामुळे आधी अंदाजाने वाटणारी गोष्ट छापील झाली. आठ गाण्यांपैकी आठांवर बँक्सचं नाव, तीनांवर हॅकेटचं. त्यातली दोन चौघांची सामायिक. अल्बम ब्रिटनमध्ये 3 ऱ्या क्रमांकावर गेला, ‘लॅम्ब’ पेक्षा वर. बँड वाचला. म्हणजे पहिली, तातडीची अडचण आता कुणाचीच उरली नाही, आणि जुनी डोकं वर काढायला मोकळी झाली.

वर्षअखेरीच्या ‘विंड अँड वदरिंग’ या अल्बमच्या वेळी हॅकेटने मागणी ठेवली की प्रत्येक अल्बमवर माझ्या गाण्यांसाठी ठरावीक वाटा असावा. बाकीच्यांनी नाकारली. कॉलिन्सने नंतर दिलेलं कारण साधं आहे: चाल कुणाची हे न बघता सगळ्यांना सर्वांत चांगली वाटेल ती घ्यायची, एवढंच आम्हाला हवं होतं. हॅकेटची ‘प्लीज डोन्ट टच’ ही वाद्यरचना तालमीत आली आणि परत गेली. तिच्याऐवजी बँक्स-कॉलिन्सची ‘वॉट गोरिला’ अल्बमवर बसली. याची सल हॅकेटने लपवलेली नाही.

आता अल्बमवरची नावं मोजून पाहा. नऊ रचना, हॅकेटचं नाव चारांवर. म्हणजे ‘मला जागाच नाही’ हे आकड्यांत बसत नाही. पण त्या चारांपैकी एकही केवळ त्याची नाही. बँक्सचं नाव सहांवर, त्यातल्या तीन फक्त त्याच्या. ‘ब्लड ऑन द रूफटॉप्स’ ही हॅकेट-कॉलिन्सची रचना, सुरुवातीच्या नायलॉन गिटारसकट, माझ्या मते त्या अल्बमवरची सर्वांत पक्व गोष्ट. तरी ती भागीदारीच. ज्याने एका उन्हाळ्यात आठ रचनांवर शेवटचा शब्द स्वतःचा ठेवला होता, त्याला चार अर्ध्या-पाव हिश्श्यांत समाधान कसं वाटावं?

याच काळात समांतर एकल काम चालू ठेवावं अशीही त्याची इच्छा होती, आणि ती बँडला रुचली नाही, हेही त्याने सांगितलं आहे. इथे या प्रकरणाची गाठ आहे. आत ठरलेला वाटा द्या, आणि बाहेर मोकळीकही द्या, या दोन मागण्या एकमेकींना मारत होत्या. बाहेर दुकान आहे तर चांगली चाल तू तिकडेच नेशील, मग आतला वाटा कशासाठी? आणि आत वाटा दिला तर बाहेरचं दुकान कशासाठी? प्रत्येक मागणी एकेकटी मांडली असती तर निदान बोलणी झाली असती.

शेवट 1977 मध्ये झाला. ‘सेकंड्स आउट’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या अल्बमचं मिक्सिंग चालू होतं. कॉलिन्स सांगतो तो किस्सा असा: स्टुडिओत जाताना त्याला रस्त्यात हॅकेट दिसला, त्याने गाडी थांबवून ‘येतोस का?’ विचारलं. हॅकेट म्हणाला, नको, नंतर फोन करतो. कॉलिन्स स्टुडिओत पोचला तेव्हा त्याला कळलं की हॅकेटने बँड सोडलाय. ऑक्टोबरात जाहीर घोषणा झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. फार इंग्लिश पद्धतीने झालं सगळं, आणि मला वाटतं तोच दोष होता. या लोकांनी एकदा आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

परिणाम

बँडचं काही अडलं नाही. तिघांनी काढलेला पुढचा अल्बम 1978 मध्ये पुन्हा 3 ऱ्या क्रमांकावर गेला, गिटार रदरफर्डने सांभाळली, आणि ‘फॉलो यू फॉलो मी’ हे सिंगल म्हणून आलेलं त्यांचं तोवरचं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं. नाद मात्र बदलला. लांब सूर धरून ठेवणारी, गाण्याच्या मागे धुकं पसरवणारी गिटार गेली ती गेलीच.

हॅकेटसाठी बाहेरचं पहिलं वर्ष सोपं नव्हतं. ‘प्लीज डोन्ट टच’, बँडने नाकारलेल्या रचनेचंच नाव मिरवणारा अल्बम, 38 वर थांबला, म्हणजे ‘अकोलाइट’ पेक्षा खाली. रँडी क्रॉफर्ड आणि रिची हेवन्ससारखे गायक, कॅन्सस बँडमधली माणसं, असं त्यात भरपूर काही आहे, थोडं जास्तच. मग त्याने स्वतःचा दौऱ्याचा संच बांधला, आणि त्याच संचाला घेऊन हॉलंडमध्ये ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’ केला. 1979 मध्ये तो 22 वर, पुढच्या वर्षी ‘डिफेक्टर’ 9 वर. त्याचा स्वतःचा आवाज ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’ वर पहिल्यांदा पूर्ण सापडतो, असं माझं मत, आणि त्यामागे प्रत्यक्ष मंचावर एकत्र वाजवलेला संच होता हे मुख्य कारण. ‘अकोलाइट’ ला तो कधी मिळाला नव्हता. त्या अल्बमचा दौरा झालाच नाही.

आणि मग ती उपरोधाची गोष्ट. 1979 मध्ये बँक्सने पहिला एकल अल्बम काढला. 1980 मध्ये रदरफर्डने. 1981 मध्ये कॉलिन्सचा ‘फेस व्हॅल्यू’ थेट पहिल्या क्रमांकावर. पुढची दहा वर्षं जेनेसिस चाललं ते नेमकं याच व्यवस्थेवर: बँडचा अल्बम, दौरा, मग प्रत्येकाला आपापल्या कामासाठी मोकळा वेळ, पुन्हा बँड. हॅकेटला 1976 मध्ये जे हवं होतं त्याचा अर्धा भाग त्याच्या जाण्यानंतर दोन वर्षांत घरचा नियम झाला.

वेगळं काय करता आलं असतं

हॅकेटच्या बाजूने पाहिलं तर अल्बम काढणं चूक नव्हतं, वेळही बरोबर होती. चुकलं ते त्यानंतरच्या मागणीत. ठरावीक वाटा मागणं म्हणजे ‘सर्वांत चांगली चाल जिंकते’ या बँडच्या मूळ नियमालाच हात घालणं. तो नियम प्रत्यक्षात पूर्ण निष्पक्ष नव्हता, पण बँक्स-रदरफर्डचा त्यावर विश्वास होता, आणि विश्वासाशी कोट्याच्या भाषेत वाद घालून कुणी जिंकत नाही. त्याऐवजी फक्त वेळ मागायला हवा होता. दोन अल्बमांमध्ये इतके महिने माझे, त्या काळात तालमी नाहीत, आणि हीच सवलत तुम्हा तिघांनाही. 1976 मध्ये कॉलिन्स ब्रँड एक्स या जॅझ-फ्यूजन बँडबरोबर आधीच बाहेर वाजवत होता. तो तरी नाही म्हणाला असता असं वाटत नाही.

बँडच्या बाजूने, अ‍ॅक्टनच्या तालमी दोन-तीन आठवडे पुढे ढकलणं शक्य होतं का? कर्ज डोक्यावर होतं, गायक नव्हता, घाई समजण्यासारखी आहे. पण ज्या माणसाच्या अल्बमवर तुमच्यातले दोघे वाजवून आलेत, तो कधी मोकळा होणार हे त्या दोघांना ठाऊक होतंच. व्यवस्थापक टोनी स्मिथच्या पातळीवर ही तारखांची साधी जुळवाजुळव झाली असती. बाहेरच्या कामाबद्दलचा नियमही तेव्हाच, कुणाचा अल्बम गाजण्याआधी, ठरवता आला असता. ‘अकोलाइट’ 26 व्या क्रमांकावर गेल्यानंतर तोच नियम मागणं हे हॅकेटने बळ दाखवण्यासारखं झालं, आणि तो नाकारणं हे बाकीच्यांनी त्याला जागा दाखवण्यासारखं.

रेकॉर्ड कंपनीनेही एक संधी सोडली. अल्बम चढत असताना दोन-चार तरी कार्यक्रम लावले असते, तर हॅकेटला 1978 मध्ये जे कळलं ते तेव्हाच कळलं असतं: त्याला स्वतःच्या नावाचा संच हवा होता, जेनेसिसमध्ये मोठा वाटा नव्हे. कदाचित तो तरीही गेला असता. पण मग 1977 मध्ये त्या रस्त्यात थांबलेल्या गाडीत तो बसला असता, आणि जे सांगायचं ते स्टुडिओत जाऊन तिघांसमोर सांगितलं असतं.